हुपरीकर सरांची सरळ रेघ

हुपरीकर सरांनी आलेखाचा कागद खिडकीच्या काचेला लावला, त्यावर फूटपट्टी धरली आणि एक डोळा मिटून नेम धरल्यासारखे बघत राहिले.

"वाळवेकर," ते म्हणाले, "एकही बिंदू रेघेबाहेर नाही."

"नाही सर."

"नऊच्या नऊ."

"हो सर."

"रेघ आधी मारून बिंदू नंतर टाकलेत का?"

"नाही सर."

"तुमच्या वयाचा असतो तर मी टाकले असते," सर म्हणाले, आणि त्यांनी राणबाला पेढे आणायला पाठवलं.

ही १९७७ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात घडली. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. त्यांनी मला डॉक्टरेट दिली आहे, आणि दिलेली परत मागण्याची सोय त्यांच्या नियमांत आहे की नाही, हे मी अजून तपासलेलं नाही.

माझं सगळं त्या कागदावर अवलंबून होतं. एका तालुक्याच्या कॉलेजात अधिव्याख्यात्याची जागा माझ्यासाठी पंधरा जूनपर्यंत राखून ठेवली होती. तोवर नावामागे डॉक्टर लागलं नाही, तर ती जागा प्राचार्यांच्या मेव्हण्याला जाणार होती. मेव्हणा तयारीचा माणूस होता. त्याने त्या गावात भाड्याची खोली घेऊन, तिला पडदेसुद्धा लावून ठेवले होते.

आता त्या रेघेत एवढं काय होतं, ते सांगतो. घाबरू नका, परीक्षा नाही.

टायटॅनियम डायऑक्साइड नावाची एक पांढरी भुकटी असते. भिंतीच्या रंगाला, टूथपेस्टला, औषधाच्या गोळ्यांना पांढरेपणा येतो तो बहुतेक तिचा. तिच्यातले अणू दोन तऱ्हांनी बसतात. पहिली तऱ्हा सैल, पंगतीला मांडी घालून बसल्यासारखी; तिला अॅनाटेज म्हणतात. दुसरी दाटीची, लग्नाच्या वऱ्हाडाला एकाच टेम्पोत बसवल्यासारखी, ती रुटाइल. भुकटी तापवली की पहिलीची दुसरी होते. दुसरीची पुन्हा पहिली होत नाही. टेम्पोतल्या माणसांना परत मांडी घालता येत नाही, तसंच.

गंमत पुढे आहे. भुकटीत दुसरा एखादा पदार्थ चिमूटभर मिसळला, तर हा बदल लवकर होतो किंवा रेंगाळतो. प्रत्येक लग्नात "आवरा, आवरा, मुहूर्त टळतोय" म्हणत फिरणारा एक मामा असतो आणि "बसा हो, काय घाई आहे" म्हणत पान लावणारा एक काका असतो. पदार्थांतही मामा आणि काका असतात. माझा विषय होता लॅन्थॅनम नावाचा धातू. लॅन्थॅनम मामा की काका, एवढाच प्रश्न.

हुपरीकर सर म्हणत होते, मामा. बाकी सगळं जग म्हणत होतं, काका. जगाचं नेतृत्व बंगलोरच्या डॉ. वरदाचारींकडे होतं. सतरा वर्षांपूर्वी एका परिषदेत वरदाचारींनी भरसभेत उठून, "डॉ. हुपरीकर यांनी भांडी नीट धुतली असती तर बरं झालं असतं," असं म्हटलं होतं. सरांनी त्या दिवसापासून परिषदांना जाणं सोडलं आणि लॅन्थॅनम धरलं. १९७७ सालीच ते निवृत्त होणार होते. आणि आता निवृत्तीला आठ महिने राहिलेले असताना त्यांच्या हातात ही रेघ आली होती. लॅन्थॅनम जितकं जास्त, तितकं रुटाइल जास्त. फूटपट्टीसारखी सरळ, चढती रेघ.

"तुमच्या व्हायवाला परीक्षक म्हणून वरदाचारीलाच बोलवू," पेढा तोंडात टाकत सर म्हणाले.

"सर, पण ते तर आपल्या विरोधात—"

"म्हणूनच. पेढा घ्या."

राणबानेही पेढा घेतला. "कशाचं हो, धाकलं सर?" त्याने मला विचारलं.

"रेघ सरळ आली."

"बरं झालं," राणबा म्हणाला. "वाकडी आली की थोरलं सर जेवत न्हाईत."

राणबा कुंभार हा आमच्या विभागाचा हमाल, शिपाई आणि भट्टीवाला. हुपरीकर सर थोरले सर, म्हणून मी धाकलं सर. वास्तविक मी कशाचाच सर नव्हतो. विभागाने विजेची भट्टी घेतली तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की भट्टीवर कुंभारच नेमावा. विद्यापीठाच्या इतिहासातली ही एकमेव विचारपूर्वक केलेली नेमणूक असावी. राणबा भट्टीला कुणाला हात लावू देत नसे. मी भुकट्या वजन करून, खलून नऊ मुशींत भरायचो. मूस म्हणजे चिनीमातीची लहानशी वाटी, सोनाराकडे असते तशी. नऊ मुशी लाकडी ताटात ओळीने ठेवायच्या, प्रत्येकीखाली एक ते नऊ आकड्यांची चिठ्ठी. तिथे माझं काम संपलं. मग राणबा आपल्या कपाटातून झाकणं काढून त्यांच्यावर ठेवायचा, मुशी भट्टीत रचायचा, भाजायचा, आणि दुसऱ्या दिवशी थंड झाल्या की झाकणं काढून पुन्हा आपापल्या चिठ्ठीवर आणून मांडायचा. चिठ्ठ्या भट्टीत जात नसत. गेल्या असत्या तर जळाल्या असत्या. मग भट्टीतून निघालेल्या नऊ सारख्या दिसणाऱ्या मुशींपैकी कुठली कुठली, हे राणबाला कसं कळायचं? असा प्रश्न तुमच्या मनात आत्ता आला असेल. मला तो तीन वर्षांत आला नव्हता. मी संशोधक होतो.

भाजलेल्या भुकट्या घेऊन मी पदार्थविज्ञानाच्या तळमजल्यावर जायचो. तिथे निर्मला मगदूम नावाची संशोधक मुलगी एक्स-रेच्या यंत्रावर त्यांचे फोटो काढायची आणि कशात किती रुटाइल, ते मोजून सांगायची. तिचं बोलणं मोजकं आणि तोंड सरळ असायचं. पुढे तिचं आडनाव बदललं, त्याला मी जबाबदार आहे. पण ती वेगळी गोष्ट.

सर म्हणाले, "रेघ दोनदा आली म्हणजे नशीब. तिसऱ्यांदा आली म्हणजे नियम. अजून एकदा करा, आणि प्रबंध टाइपला द्या."

मी मुशी भरल्या. तेवढ्यात राणबा भाचीच्या मुलाच्या बारशाला म्हणून आठवडाभराच्या रजेवर गेला. कपाटाची किल्ली नेहमीप्रमाणे त्याच्या कंबरेला होती, तीही बारशाला गेली. मी काही अडलो नाही. कोठीतून नव्या मुशी, नवी झाकणं आणली. कुठली मूस भट्टीत कुठे ठेवली, त्याचा कागदावर नकाशा काढला. स्वतः भट्टी लावली. स्वतः काढली. स्वतःवर बेहद्द खूश होऊन तळमजल्यावर गेलो.

संध्याकाळी मगदूमबाईंनी मला बोलावून घेतलं.

"वाळवेकर, तुमची रेघ उतरायला लागलीय."

"म्हणजे?"

"पहिल्या मुशीत रुटाइल सगळ्यात जास्त. नवव्यात सगळ्यात कमी."

"मी उलट्या क्रमाने दिल्या असतील."

"तशी शंका मलाही आली. म्हणून फिल्म उलटी धरून बघितली. आता तुम्हाला उलटं धरायचं राहिलंय."

मी पुन्हा नव्याने मुशी भरल्या, पुन्हा भाजल्या. पुन्हा उतरती रेघ. लॅन्थॅनम आरामात पान लावत बसलं होतं. काका. निखळ काका.

तिकडे टायपिस्ट चौथ्या प्रकरणावर पोचला होता. त्या प्रकरणाचं नाव होतं 'लॅन्थॅनमचा त्वरक परिणाम'. मी सरांना काही बोललो नाही. ते रोज सकाळी येऊन, खिडकीला चिकटवलेली जुनी रेघ बघून मगच खुर्चीत बसत होते.

राणबा घुगऱ्यांचा डबा घेऊन परत आला. मी त्याला पुन्हा तशाच नऊ मुशी दिल्या. त्याने भाजल्या. रेघ चढली. पहिल्यासारखी, फूटपट्टीसारखी.

मगदूमबाईंनी घुगऱ्या खात खात तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"भुकटी तीच?"

"तीच."

"भट्टी तीच, तापमान तेच?"

"तेच."

"तुम्ही लावली की उतरते, राणबानं लावली की चढते. मग वेगळं काय उरलं?"

"राणबा."

"मग राणबाला विचारा."

"काय विचारू? तुम्ही उत्प्रेरक आहात का?"

"आधी वय विचारा. मग हळूच विषयावर या," ती म्हणाली.

राणबा विभागाच्या मागच्या पायरीवर बसून मुशी पुसत होता. मी शेजारी बसलो. वय विचारलं नाही.

"राणबा, भट्टीतनं काढल्यावर कुठली मूस एक नंबरची आणि कुठली नऊ, हे कसं ओळखता हो तुम्ही?"

स्वतःचं घर कसं ओळखता, असं विचारल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं.

"आता इचारताय व्हय? तीन वर्सं झाली की."

त्याने किल्ली काढली, कपाट उघडलं आणि नऊ झाकणं पायरीवर पालथी मांडली. प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला तांबडे ठसे होते. पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, असे नवव्यावर नऊ. कुंकवाची बोटं लावावीत, तसे.

"पयल्यांदा कागुद चिकटवून बघितला, जळला. पेन्सिल उडाली. शाई गेली. मग म्हटलं, आपल्या आळीत काय करत्यात? आमी मडक्यावर खूण करायची म्हंजे कावेनं. सगळं जळंल, पर काव जळायची न्हाई. एकाला एक बोट, नवाला नऊ. लिवता येत न्हाई त्यालाबी कळतंय."

"झाकणाच्या आतून का?"

"भायनं लावलं तर चिमट्यानं खरवडतंय."

"आणि दर वेळी नवीन लावता?"

"तर. भाजताना खपल्या पडत्यात, डाग तेवढा ऱ्हातो. बुजल्यागत दिसतंय. म्हनून दर बारीला ताजी."

"खपल्या पडतात म्हणजे कुठं पडतात?"

"खाली."

"खाली कुठं?"

"मुशीत," राणबा म्हणाला. "दुसरीकडं कुठं पडतील, धाकलं सर?"

काव म्हणजे लोखंडाच्या गंजाची माती. आणि लोखंड म्हणजे या बाबतीत जगातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा मामा. तो पहिल्या मुशीत एक बोट पडत होता आणि नवव्यात नऊ. पान लावत बसलेल्या लॅन्थॅनमच्या अंगावर नऊ मामा ओरडत होते, आणि वऱ्हाड पटापट टेम्पोत चढत होतं. नवव्या मुशीतली भुकटी जरा बदामी दिसायची, ते मी बघितलं होतं. रुटाइल मुळातच किंचित पिवळसर, त्यामुळे रंग बघून आम्हाला आनंदच व्हायचा.

राणबाने घुगऱ्या पुढे केल्या.

सरांना सांगायला गेलो तेव्हा ते शोधनिबंधाचं पहिलं वाक्य लिहीत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. सरांनी मधे एकच प्रश्न विचारला.

"किती बोटं?"

"क्रमांकाइतकी, सर."

"नवव्याला नऊ."

"हो सर."

"म्हणजे माझा नियम हा राणबाचा पाढा आहे."

यावर हो सर म्हणणं मला जमलं नाही.

सरांनी पेनाला टोपण लावलं. "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला, मगदूमबाईंना आणि राणबाला."

"राणबाला काय माहीत आहे?"

"आपण बोटं लावली, एवढंच."

सरांनी खिडकीवरच्या रेघेकडे बघितलं आणि म्हणाले, "प्रबंध टाइप होतोय. जून जवळ आलाय. तुमचा तो मेव्हणा पडदे लावून बसलाय. तुम्ही मला हे सांगितलं नसतं, तर कुणाला कळलं नसतं."

"हो सर."

"मग का सांगितलंत?"

इथे मी काहीतरी थोर बोलायला हवं होतं. पण मला खरंच वेगळीच काळजी होती. "सर, वरदाचारी म्हणाले, प्रयोग करून दाखवा. आणि नेमका त्या दिवशी राणबा बारशाला गेला तर?"

सर उठले, छत्री घेतली आणि घरी गेले. मार्च महिना होता, पावसाचं चिन्ह नव्हतं.

तीन दिवस ते आले नाहीत. सतरा वर्षांत त्यांनी एकदाही रजा घेतलेली नव्हती. मी मनातल्या मनात ती नोकरी मेव्हण्याच्या हवाली केली, त्याला कॉलेजचा रस्ताही समजावून सांगितला. राणबा दोनदा येऊन विचारून गेला, "थोरलं सर कुठं गेलं? रेघ वाकडी झाली काय?" मी म्हणालो, "नाही राणबा, फारच सरळ झाली."

चौथ्या दिवशी सर आले. दाढी केलेली, कोट घातलेला. खिडकीवरचा कागद त्यांनी काढला, टेबलावर ठेवला आणि आडव्या रेषेखाली 'लॅन्थॅनम' लिहिलं होतं, ते खोडलं. तिथे लिहिलं, 'काव, बोटे'.

"रेघ चांगली आहे," ते म्हणाले. "तिचं नाव चुकलं होतं. उतरतीही जोडा. लॅन्थॅनम थोपवतं, लोखंड घाई करतं, दोघं एकत्र आले तर लोखंड ऐकत नाही. प्रबंधाचा विषय हा. वीस दिवसांत लिहा."

"सर, तुम्ही... म्हणजे सतरा वर्षं..."

"घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तुम्ही चुकलो म्हणालात, तारीख लिहून ठेवू का? म्हटलं, ठेव." सरांनी चष्मा पुसला. "हे मला वरदाचारीनं सांगितलं असतं, तर मी आयुष्यात मान्य केलं नसतं. राणबानं सांगितलं, म्हणून तीन दिवसांत झालं."

"मग परीक्षक दुसरे कुणी बघायचे का?"

"त्याला बोलावणं गेलंय. येतो म्हणून पत्रही आलंय. खाली लिहिलंय, 'आनंदाने'. आणि त्याच्याखाली रेघ मारलीय." सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तीही सरळ आहे."

दोन जूनला व्हायवा ठरली. डॉ. वरदाचारी हा पाच फुटी, स्वच्छ माणूस होता. वरच्या खिशात स्वतःचं भिंग, हातात टाइप केलेले चौदा कागद. ते आक्षेप होते, आणि ते बहुधा सतरा वर्षं टाइप होत होते. प्रबंधाची प्रत त्यांना उशिरा पोचली होती. गाडीत ती उघडायचीसुद्धा गरज त्यांना वाटली नव्हती. ते इंग्रजीत बोलत, पण मी ते मराठीतच सांगतो. तेव्हाही घाबरून मनातल्या मनात मराठीच करून घेत होतो.

ते पहिला कागद उचलणार, तेवढ्यात हुपरीकर सर उभे राहिले.

"डॉ. वरदाचारी, लॅन्थॅनमच्या बाबतीत तुम्ही बरोबर होता आणि मी चूक होतो. भांड्यांच्या बाबतीतही. आता आधी चहा घ्या."

वरदाचारींनी सरांकडे बघितलं, मग आपल्या चौदा कागदांकडे. "मग मी यांचं काय करू?" त्यांनी विचारलं. एखाद्याने लढायला यावं आणि समोरच्याने पाट मांडून ठेवावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. चहा संपेपर्यंत त्यांनी प्रबंध चाळला, आणि बासष्टाव्या पानावर त्यांना जीव आला.

"हे काय? 'काव, एक ते नऊ बोटे'. बोट हे कुठलं माप?"

"सर, एक बोट म्हणजे सरासरी बारा मिलिग्रॅम," मी म्हणालो.

"ते कसं काढलंत?"

"नऊ बोटांचं एकदम वजन केलं आणि नवाने भागलं."

"म्हणजे एक बोट दोन मिलिग्रॅम आणि दुसरं बावीस असलं, तरी तुमची सरासरी बाराच."

"पण सर, रेघ सरळ आहे, त्या अर्थी बोटं सारखी असणार."

"आणि बोटं सारखी आहेत, म्हणून रेघ खरी मानायची?" वरदाचारींनी प्रबंध मिटला. ते दुष्ट नव्हते. ते बरोबर होते, आणि हे जास्त वाईट. "माणसाच्या बोटाने मोजून टाकलेल्या पदार्थावर मी सही करू शकत नाही. काट्यावर तोलून सगळं पुन्हा करा. सहा महिने लागतील."

सहा महिने. मला मेव्हण्याचे पडदे दिसले. हिरवे असावेत, असं वाटलं.

"राणबाला बोलवा," हुपरीकर सर म्हणाले.

राणबा हात पुसत आला. सर त्याला म्हणाले, "राणबा, पाव्हणे म्हणतात, तुमचं बोट सारखं पडत नाही."

"असं म्हनत्यात?" राणबाने पाहुण्यांना टोपीपासून बुटापर्यंत बघून घेतलं. "आमच्या आज्ज्यानं लगीनघरचं रांजण रंगवलं हुतं. हजार बोटं एकावर. एक जरी मोठं पडलं, तर आज्जा मडकं फोडायचा आन् मग आमाला."

सरांनी भाषांतर केलं. वरदाचारी म्हणाले, "मला आजोबांबद्दल शंका नाही."

वीस काचपट्ट्या आणल्या. वरदाचारींनी स्वतः एकेक तोलून वजन लिहून ठेवलं. राणबाने वाटीत काव कालवली, बोट बुडवलं, वाटीच्या काठावर एकदा टेकवलं आणि पट्टीवर ठेवलं. बुडवलं, टेकवलं, ठेवलं. घाई नाही, थांबणं नाही. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मधे वरदाचारींनी, पंख्याच्या वाऱ्याने काटा हलेल म्हणून, पंखा बंद करायला सांगितलं, तेवढंच काय ते बोलणं. पट्ट्या वाळवल्या. मग वरदाचारी काट्यापाशी बसले. मी माझा जन्म त्या काट्याच्या पारड्यात बघत होतो.

"बारा," ते म्हणाले. "बारा पूर्णांक एक. अकरा पूर्णांक नऊ. बारा."

मगदूमबाई दारात येऊन उभी राहिली होती. ती प्रत्येक आकड्याला नुसती मान हलवत होती, भाजीवाल्याचा हिशेब तपासल्यासारखी.

"बारा. बारा. अकरा नऊ." तेरा पट्ट्या झाल्या. वरदाचारींचा आवाज प्रत्येक पट्टीला उतरत चालला होता. आणि मग चौदाव्या पट्टीला तो एकदम खुलला. "साडेचौदा. हे बघा. साडेचौदा."

सरांनी राणबाला सांगितलं.

"चौदावं व्हय?" राणबा म्हणाला. "त्या वक्ताला पाव्हणं मधीच बोललं."

सरांनी एक शब्दही न बदलता भाषांतर केलं. वरदाचारींनी वर बघितलं, पंखा बघितला. त्यांना आठवलं. राहिलेल्या सहा पट्ट्या त्यांनी गुपचूप तोलल्या. बारा, बारा, बारा एक, बारा, अकरा नऊ, बारा.

मग त्यांनी कोट काढला, बाही दुमडली आणि वाटीत स्वतःचं बोट बुडवलं. त्यांची चार बोटं भरली सहा, एकवीस, नऊ आणि सतरा. पाचवं टायवर पडलं, ते तोलता आलं नाही.

"तुमच्या विभागात काटा कशाला ठेवलाय?" टाय पुसत त्यांनी विचारलं.

"पाहुण्यांसाठी," हुपरीकर सर म्हणाले.

वरदाचारी मनापासून हसले आणि सही करायला पेन मागितलं. अहवालात त्यांनी लिहिलं, 'पदार्थ मोजून टाकण्याची व्यवस्था असाधारण अचूक आहे.' मी अधिव्याख्याता झालो. प्राचार्यांच्या मेव्हण्याने खोली सोडली. पडदे काढायचे विसरला, ते मी पुढे सात वर्षं वापरले. हिरवे नव्हते, निळे होते.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. सही झाली, चिवडा आला, दोन डॉक्टर सतरा वर्षांचं एकमेकांना सांगत शेजारी बसले. राणबा बशा उचलायला आला आणि दारापाशी थांबला.

"थोरलं सर, एक इचारू?"

"विचारा की."

"कावेनं घोटाळा हुतोय म्हनता. मग उद्यापासनं नंबर कशानं घालू?"

दोन डॉक्टर आणि एक अर्ध्या तासाचा डॉक्टर, आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मगदूमबाई छताकडे बघत होती. कागद जळतो, शाई जाते, पेन्सिल उडते, एवढं आम्हाला आता ठाऊक होतं.

राणबा काय विचारतोय, म्हणून वरदाचारींनी विचारलं. सरांनी सांगितलं. मग सरांच्या मनात सहज आलं, अगदी सहज, की मोठ्या संस्थेतला माणूस समोर बसलाय, त्यालाच विचारावं.

"तुमच्याकडे भट्टीतल्या मुशी कशा ओळखतात, डॉक्टर?"

वरदाचारी चिवडा उचलत होते. हात हवेतच राहिला.

"माझा अटेंडंट काहीतरी करतो," ते हळू म्हणाले. "वेंकटप्पा. पंचवीस वर्षं तोच करतोय."

"काय करतो?"

वरदाचारींनी चिवडा बशीत परत ठेवला. रुमालाने बोटं पुसली, मग उगाचच पुन्हा पुसली. मग मनगटावरचं घड्याळ बघत विचारलं, "बंगलोरची पहिली गाडी किती वाजता आहे?"

हे इंग्रजी राणबाला कळायचं कारण नव्हतं, पण त्याला कळलं. बशा एकात एक घालत तो म्हणाला, "जाऊन इचारा म्हनावं."

सरांनी त्याचं भाषांतर केलं नाही. गरज नव्हती.